शाब्ली ओळखायला शिका: द्राक्ष एकच, फरक मातीचा आणि हवेचा

फ्रेंच वाइन शिकायची म्हणून बहुतेक जण पहिली बाटली बोर्दोची आणतात आणि तिथेच अडकतात. बोर्दोच्या बाटलीत दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळलेली असतात, त्यांचं प्रमाण दर वर्षी बदलतं आणि वर ओकच्या पिंपाचा वास असतो. जिभेला जे जाणवतं ते मातीचं, पावसाचं, जातीचं की पिंपाचं, हे नवख्याला कळायला मार्गच नसतो.

म्हणून शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करा. इथे कायद्याने एकच द्राक्ष चालतं, शार्दोने. बहुतेक वाइन स्टीलच्या टाकीत तयार होते, त्यामुळे लाकडाचा वास मध्ये येत नाही. जात तीच, पद्धत जवळपास तीच आणि तरीही एकाच गावाभोवतीच्या दोन बाटल्या वेगळ्या लागतात. तो फरक जमिनीचा, उताराचा आणि त्या वर्षीच्या हवेचा. तो कसा वाचायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. आधी बाटली उघडून मग नकाशा पाहिला, तर पहिली बाटली वाया जाते.

पायरी 1: नकाशावर उतार शोधा

शाब्ली हे बर्गंडीच्या उत्तर टोकाचं छोटं गाव आहे. पॅरिसपासून आग्नेयेला साधारण 180 किलोमीटर, इयॉन जिल्ह्यात. बर्गंडीचा प्रसिद्ध भाग, म्हणजे बोन शहराभोवतीचा पट्टा, इथून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. हवामानाच्या दृष्टीने शाब्लीला बोनपेक्षा शँपेन प्रदेशाचा दक्षिण भाग जवळचा.

गावातून सरँ नावाची लहानशी नदी वाहते. नकाशात ही नदी सापडली की अर्धं काम झालं. नदी साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. तिच्या उजव्या काठाला, गावाच्या अगदी समोर, नैऋत्येकडे तोंड केलेली एक सलग टेकडी आहे. शाब्लीची सगळी ग्राँ क्र्यू, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, जमीन या एकाच टेकडीवर आहे, जेमतेम 100 हेक्टर. संपूर्ण शाब्ली प्रदेश साडेपाच-सहा हजार हेक्टरांचा आहे, यावरून त्या टेकडीचं मोल लक्षात येईल.

आता डावा काठ पाहा. तिथल्या दऱ्यांतले बागांचे उतार मुख्यतः आग्नेयेकडे तोंड करून आहेत. म्हणजे डाव्या काठाला सकाळचं ऊन आणि उजव्या काठाला दुपारचं ऊन. महाराष्ट्रात दुपारच्या उन्हापासून घड झाकायचे असतात. 48 अंश अक्षांशाच्या जवळ असलेल्या शाब्लीत मात्र दुपारचं ऊन म्हणजे भरलेली साखर. उजव्या काठाची वाइन साधारणपणे अंगाने, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या जडपणाने, भरलेली आणि डाव्या काठाची जास्त तरतरीत लागते, त्याचं मोठं कारण हे आहे.

पायरी 2: जमिनीचे दोन थर समजून घ्या

शाब्लीच्या जमिनीबद्दल खूप लिहिलं जातं. कामापुरते दोन थर पुरेत.

खालचा थर किमरिजियन. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी चुना आणि चिकणमाती आळीपाळीने साचत गेली. त्या मिश्रणाला मार्ल म्हणतात. त्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या बारीक कालवांचे शिंपले गच्च भरलेले आहेत. त्यांचं शास्त्रीय नाव एक्झोजायरा व्हर्ग्युला. उतारावरचा ढेकूळ उचलला तर नखाएवढे शिंपले उघड्या डोळ्यांनी दिसतात. ग्राँ क्र्यू, त्याखालच्या दर्जाची प्रमिए क्र्यू आणि चांगली साधी शाब्ली या जमिनीवर होते, आणि ही जमीन मुख्यतः उतारांवर उघडी पडलेली आहे.

वरचा थर पोर्टलँडियन. हा नंतरच्या काळातला, जास्त कठीण चुनखडीचा, टेकड्यांच्या माथ्यावरचा. माती पातळ, मार्ल कमी, वारा जास्त, थंडी जास्त. पती शाब्ली नावाची, सगळ्यांत खालच्या दर्जाची वाइन प्रामुख्याने इथली.

यातून वेलीला काय मिळतं? चिकणमाती उन्हाळ्यात पाणी धरून ठेवते. चुनखडीच्या भेगांमधून जास्तीचं पाणी उतरून जातं आणि त्याच भेगांतून मुळं खोल जातात. म्हणजे वेल पाण्यात उभी राहत नाही आणि तहानलेलीही राहत नाही. मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत पाण्याचा पुरवठा असा थोडाथोडा, सतत राहिला तर घड सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकून राहतो. माथ्यावरच्या पातळ जमिनीत हा साठा कमी. तिथे द्राक्ष उशिरा पिकतं, वाइन हलकी आणि लिंबासारखी लागते.

एक गैरसमज इथेच सोडून द्या. शाब्लीत खडू, गारगोटी, समुद्राची खार असं जे जाणवतं, ते दगडातून मुळांवाटे मण्यात आलेलं नसतं. वेल क्षार घेते ते पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात आणि फार थोड्या प्रमाणात. त्यांना खडूची चव नसते. ती जाणीव जास्त आंबटपणा, कमी फळवास आणि किण्वनात, म्हणजे रस आंबताना, तयार होणारी गंधकाची काही संयुगं यांच्या मेळातून येते, असं आजवरच्या अभ्यासावरून दिसतं. याचा अर्थ मातीचा संबंध नाही असा नाही. माती पाणी आणि ऊब ठरवते, त्यावरून द्राक्ष किती आणि कसं पिकणार ते ठरतं आणि वाइन तिथे घडते. कालवाचा शिंपला चवीत शोधत बसलात तर खरी खूण हातून निसटते.

मातीचा आणखी एक परिणाम बाटलीत दिसत नाही, पण बागायतदाराला तो चांगलाच ठाऊक असतो. चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत बाग लावलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या बागा मारल्या. अमेरिकन खुंटावर कलम करणं हा उपाय सापडला, पण बरेचसे अमेरिकन खुंट चुनखडी सहन करेनात. शेवटी शासला हे युरोपी द्राक्ष आणि अमेरिकन बर्लांडिएरी यांच्या संकरातून आलेला 41बी हा खुंट अशा जमिनींत टिकला. शाब्लीत तो आजही मोठ्या प्रमाणावर दिसतो. आपल्याकडे खारट पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून डॉगरिज हा खुंट लावतात. जमीन आधी खुंट निवडते, जात त्यानंतर येते.

पायरी 3: हवामान, आणि त्यातही एप्रिल

शाब्लीचं वर्ष आपल्या द्राक्षाच्या वर्षापेक्षा अगदी वेगळं आहे. महाराष्ट्रात वेल थंडीत झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या घ्याव्या लागतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. शाब्लीत वेल नोव्हेंबरपासून खरोखर झोपते. छाटणी एकदाच, हिवाळ्यात. डोळे एप्रिलमध्ये फुटतात, फुलोरा जूनमध्ये येतो, काढणी साधारण सप्टेंबरात होते. फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत शंभर दिवस, हा तिथला जुना हिशेब. अलीकडच्या गरम वर्षांत काढणी ऑगस्टच्या अखेरीसही सुरू झाली आहे.

धोका डोळा फुटल्यापासून मेच्या मध्यापर्यंत असतो. शार्दोने ही लवकर फुटणारी जात. कोवळी हिरवी फूट उणे 2 अंशांच्या आसपास मरते. स्वच्छ आकाश, वारा पडलेला आणि रात्री जमिनीतली ऊब वर निघून गेलेली, की पहाटे तीन-चार वाजता पारा त्याखाली जातो. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून घरंगळत नदीकाठाला साचते. म्हणूनच नदीलगतचे खालचे पट्टे, अगदी ग्राँ क्र्यूचा पायथासुद्धा, पूर्वी वारंवार भाजून निघायचा. विसाव्या शतकाच्या मध्यात शाब्लीची लागवड अवघ्या काहीशे हेक्टरांवर येऊन ठेपली होती, त्याच्या कारणांमध्ये फायलोक्सेरा आणि रेल्वेने आलेली दक्षिणेची स्वस्त वाइन यांच्याबरोबर ही गोठवणारी थंडीही होती.

बचावाच्या दोन पद्धती नीट समजून घ्या, कारण वाइनची किंमत आणि मिळण्याची शाश्वती दोन्ही त्यावर ठरतात.

पहिली, मेणाच्या मोठ्या डब्यांची. पॅराफिन भरलेले धातूचे डबे ओळींमध्ये ठेवतात, हेक्टरी 300 ते 500. पारा शून्याकडे सरकू लागला की माणसं काळोखात फिरून एकेक पेटवतात. एक डबा सात-आठ तास जळतो. खर्च प्रचंड. म्हणून ही पद्धत महागड्या जमिनीलाच परवडते.

दुसरी, पाण्याच्या फवाऱ्याची. वेलींवर बारीक फवारा सतत चालू ठेवायचा. पाणी फुटीवर गोठतं आणि गोठताना ऊब सोडतं, दर किलोला सुमारे 80 किलोकॅलरी. जोवर नवं पाणी गोठत राहतं तोवर बर्फाच्या आत फूट शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली जात नाही. यात चूक एकाच जागी होते आणि ती घातक ठरते. पंप मध्येच बंद पडला किंवा सकाळी घाईने लवकर थांबवला, तर ओल्या फुटीवरून पाणी उडून जायला लागतं आणि उलट ऊब खेचून नेतं. न फवारलेल्या वेलीपेक्षा ही वेल जास्त मरते. म्हणून पारा शून्यावर येण्याआधी सुरू करायचं आणि बर्फ वितळून टपकायला लागल्याशिवाय थांबायचं नाही, हा नियम.

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला की बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडतात. उपाय त्याच जातीचा आहे. आपल्याकडे घड वाचवायचा असतो, शाब्लीत घड धरायच्या आधीची फूट.

वर्ष लक्षात ठेवायचं ते यासाठी. 2016, 2017 आणि 2021 या तीन वर्षांत वसंतातल्या गोठण्याने मोठं नुकसान केलं. 2024 मध्ये त्यात गारपीट आणि केवडा रोगाची भर पडली आणि पीक फारच थोडं आलं. 2018 भरघोस आणि उन्हाचं. 2019 उष्ण, वाइन दाट. 2020 कोरडं आणि लवकर काढणीचं, तरी ताजेपणा टिकलेला. 2021 थंड, वाइन हलकी आणि धारदार. शिकायला 2020 आणि 2021 यांची जोडी उत्तम. एकाच उत्पादकाची, एकाच दर्जाची ही दोन वर्षं शेजारी ठेवली तर हवामान म्हणजे काय ते अर्ध्या तासात कळतं.

पायरी 4: द्राक्षाचा स्वभाव

शार्दोने ही पिनो आणि ग्वे ब्लाँ या दोन जुन्या जातींची संतती, हे 1999 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. तिचा स्वतःचा वास मंद असतो. मस्कॅटसारखी ती लांबून ओळखू येत नाही. हाच तिचा शिकण्यासाठी मोठा उपयोग. गरम प्रदेशात ती पिकलेल्या अननस-आंब्याकडे झुकते, थंडीत हिरवं सफरचंद आणि लिंबाच्या सालीकडे. शाब्लीत ती पिकण्याच्या अगदी कडेवर असते.

किती पीक घ्यायचं यालाही मर्यादा आहे. शाब्लीला हेक्टरी 60 हेक्टोलिटर, प्रमिए क्र्यूला 58, ग्राँ क्र्यूला 54, हे मूळ आकडे, वर्षानुसार त्यांत थोडा बदल होतो. 60 हेक्टोलिटर म्हणजे 6,000 लिटर, 8,000 बाटल्या. द्राक्षात मोजलं तर एकरी तीन टनांच्या आसपास. आपल्या खायच्या द्राक्षाच्या बागेत एकरी आठ-दहा टन सहज निघतात. वेली मात्र तिथे दाट, हेक्टरी साडेपाच हजार आणि वर, मांडवाऐवजी तारांवर बांधलेल्या. वेली जास्त आणि माल कमी, म्हणजे एका वेलीवर मोजकेच घड. थंडीत तेवढेच पिकू शकतात.

काढणीच्या वेळी साखर साधारण 20 ते 22 ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप). त्यातून 12 ते 13 टक्के अल्कोहोल येतं. लेबलवर 13.5 दिसलं तर उन्हाचं वर्ष किंवा उशिरा काढणी, असं समजायला हरकत नाही.

पायरी 5: तळघरात काय घडलं ते वजा करा

जमीन वाचायची तर माणसाने काय घातलं ते ओळखायला हवं. शाब्लीत दोनच गोष्टी पाहा.

पहिली, दुसरं किण्वन. जिवाणू हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल मोडून सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. शाब्लीत हे बहुतेक सगळे करू देतात, नाहीतर आंबटपणा सोसवणार नाही. त्यातून क्वचित साय-लोण्याची छटा येते. ती माती नव्हे.

दुसरी, लाकूड. काही उत्पादक, विशेषतः ग्राँ क्र्यू आणि प्रमिए क्र्यूसाठी, जुनी ओकची पिंपं वापरतात. 132 लिटरचं फ्युएत हे इथलं पारंपरिक लहान पिंप. जुन्या पिंपाचा वास फारसा येत नाही, वाइन फक्त गोलसर होते. व्हॅनिला किंवा भाजलेल्या पावाचा वास आला तर पिंप नवं होतं. शिकताना अशी बाटली घेऊ नका. विकत घेताना विचारा: स्टीलमध्ये केली आहे का?

पायरी 6: लेबल वाचा

लेबलवर चारपैकी एक दर्जा असतो. पती शाब्ली, शाब्ली, शाब्ली प्रमिए क्र्यू, शाब्ली ग्राँ क्र्यू. शाब्ली आणि ग्राँ क्र्यूला 1938 मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली, पती शाब्लीला 1944 मध्ये.

प्रमिए क्र्यूच्या शेजारी बहुधा जागेचं नाव असतं. उजव्या काठाची मोठी नावं: फुर्शोम, माँते द तोनेर, माँ द मिलियो. डाव्या काठाची: व्हायाँ, माँमँ, कोत द लेशे. ही सहा पाठ केली तरी दुकानात पुरे होतात.

ग्राँ क्र्यूची सात नावं आहेत: ब्लांशो, बूग्रो, ले क्लो, ग्रनुई, प्रोझ, वाल्मुर, व्होदेझिर. ले क्लो सगळ्यांत मोठं आणि सहसा सगळ्यांत ताठ. बाटली उघडायची घाई असेल तर ते घेऊ नका, आठ-दहा वर्षांनी ते बोलू लागतं. एकूण उत्पादनात ग्राँ क्र्यूचा वाटा एखाद टक्काच.

लेबलवर फ्रान्स आणि संरक्षित मूळस्थानाचा फ्रेंच मजकूर, 'आपेलासियाँ शाब्ली काँत्रोले' किंवा तत्सम, आहे ना ते बघा. अमेरिकेत अनेक दशकं कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हणत आले आणि काही जुनी नावं अजून चालू आहेत. परदेशातल्या वाचकांना मोठ्या जारमधली, गोडसर 'शाब्ली' दिसेल. तिचा या गावाशी संबंध नाही.

पायरी 7: कुठल्या बाटल्या आणायच्या

एकट्याने शिकायला जाऊ नका. सहा जण जमवा, खर्च वाटला जातो आणि उघडलेली वाइन उरत नाही. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 50 मिलिलिटरचे 15 घोट निघतात. सहा जणांना प्रत्येकी दोनदा ओतून थोडी शिल्लक राहते.

पहिल्या बैठकीला तीन बाटल्या: एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची पती शाब्ली, साधी शाब्ली आणि एक प्रमिए क्र्यू. उत्पादक वेगळे असतील तर तुम्ही जमीन नाही, माणसांचे हात चाखत असता. तिन्ही मिळाल्या नाहीत तर साधी शाब्ली आणि प्रमिए क्र्यू या दोन पुरेत. ग्राँ क्र्यू आत्ता नको. तिच्यातलं काय मोठं आहे ते ओळखायला आधी साधी शाब्ली तोंडात बसलेली हवी.

चौथी बाटली गरम प्रदेशाची शार्दोने. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागात शार्दोने होते, ती मिळाली तर उत्तम. जात तीच, पण ऊन, जमीन आणि ऋतू सगळंच वेगळं.

भारतात विकत घेताना बाटली कुठे ठेवली होती ते आधी बघा. खिडकीच्या काचेत उभी मांडलेली, हाताला कोमट लागणारी बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. बूच किंचित वर आलेलं किंवा गुंडाळीखाली चिकट ओघळ दिसला तर वाइन तापलेली आहे. अशी वाइन सपाट आणि उकडलेल्या सफरचंदासारखी लागते.

पायरी 8: चाखण्याची रीत

घरच्या फ्रीजमधून, म्हणजे चार-पाच अंशांवरून, थेट ग्लासात ओतलेली शाब्ली नुसती आंबट पाण्यासारखी लागते. पती शाब्लीला 8-9 अंश, शाब्लीला 10-11, प्रमिए क्र्यूला 11-12, ग्राँ क्र्यूला 12-14 अंश. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात बाहेर काढल्यावर 10-15 मिनिटं पुरतात, थंड देशात अर्धा तास. दुधाचं किंवा स्वयंपाकाचं थर्मामीटर बाटलीत घालून एकदा खात्री करा, मग हाताला अंदाज येतो.

ग्लास वर निमुळता, स्वच्छ, साबणाचा वास नसलेला. उदबत्ती, अत्तर, फोडणी यांपासून दूर बसा. वाटी-वाटीभर साधा भात किंवा बिनमिठाचा पाव मध्ये मध्ये खायला ठेवा.

तिन्ही ग्लास एकदम ओता, कारण फरक शेजारी ठेवल्यावरच कळतो. आधी वास, डावीकडून उजवीकडे आणि परत. मग घोट. घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवा आणि गिळल्यावर सेकंद मोजा: चव किती वेळ राहते? पती शाब्लीची लवकर संपते. प्रमिए क्र्यूची दहा-बारा सेकंद सहज रेंगाळते. दर्जातला फरक वासापेक्षा या लांबीत जास्त दिसतो, आणि नवख्याला तो मोजताही येतो.

मग लाळ बघा. गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आंबटपणामुळे. शाब्लीत ते लगेच आणि भरपूर सुटतं. अकलूजच्या ग्लासात कमी सुटेल, फळाचा गोडवा आधी येईल, अंग जाड लागेल. साखर दोन्हीत नसते. गोडवा वाटतो तो पिकलेल्या फळाचा वास आणि अल्कोहोल यांमुळे.

लिहून ठेवा, पण कवितेत नको. वास: लिंबू, सफरचंद, फूल, ओला दगड, मध. आंबटपणा: कमी, मध्यम, जास्त. अंग: हलकं, भरलेलं. लांबी: सेकंदात. एवढंच.

खाण्याची जोड शेवटी आणा. फ्रान्समध्ये कच्ची कालवं. कोकणातली कालवं नुसती वाफवून, चिमूट मीठ आणि लिंबाचे दोन थेंब, अशी दिलीत तर जुळतात. तिखट, नारळाच्या वाटणातली दिलीत तर वाइन हरते, आंबटपणा तिखटाला आणखी भडकवतो. शेळीच्या दुधाचं ताजं चीज ही सोपी आणि खात्रीची जोड.

कुठे चुकतं

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर ती माती नव्हे, बुचाचा दोष आहे. टीसीए नावाचं संयुग कारणीभूत असतं. हवेने तो जात नाही, बाटली परत करा.

काडेपेटी ओढल्यासारखा वास आला तर घाबरू नका. ग्लास फिरवा, दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा तो विरतो आणि त्याखालून लिंबू वर येतं.

तळाशी साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. थंडीत बसतात आणि अपायकारक नसतात.

चार-पाच वर्षांच्याच बाटलीचा रंग गडद सोनेरी आणि वास चिरलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा असेल, तर तिला हवा लागली आहे. जुन्या, नीट ठेवलेल्या शाब्लीतही मध आणि अळंबीचा वास येतो, पण तिचा आंबटपणा जिवंत असतो. फरक तिथे धरा.

घरी ठेवायची असेल तर 12-14 अंशांचा वाइनचा फ्रीज हवा. तो नसेल तर साधी शाब्ली आणून दोन-तीन महिन्यांत संपवा. कपाटातल्या एका उन्हाळ्यात चांगली बाटलीसुद्धा मरते.

यापुढच्या दोन बैठका

दुसऱ्या बैठकीला दोन प्रमिए क्र्यू, एकाच उत्पादकाचे, एकाच वर्षाचे: डाव्या काठाचं व्हायाँ आणि उजव्या काठाचं माँते द तोनेर. नावं झाकून ओता आणि कुठल्या ग्लासात सकाळचं ऊन आहे ते सांगायचा प्रयत्न करा. पहिल्या खेपेला निम्मे जण चुकतात. ग्लासांची अदलाबदल करून पुन्हा ओता.

तिसऱ्या बैठकीला उलट करा. जमीन तीच ठेवा आणि द्राक्ष बदला. लुआर नदीच्या वरच्या भागातल्या सांसेरला उतारांवर हाच किमरिजियन मार्ल आहे. तिथे त्याला 'तेर ब्लांश', पांढरी जमीन, म्हणतात. त्यावर सोव्हिन्याँ ब्लाँ लावतात. सांसेर, शाब्ली आणि नाशिकच्या बेसॉल्टवर झालेली सोव्हिन्याँ ब्लाँ असे तीन ग्लास मांडा. सांसेर आणि नाशिक यांत जातीचा वास जुळेल, हिरव्या मिरचीचा, पेरूचा. सांसेर आणि शाब्ली यांत वास जुळणार नाही, पण घोट गिळल्यावरचा ताठपणा आणि सुटणारी लाळ जुळेल. आधी नाशिकची ओता, मग सांसेर, शेवटी शाब्ली. उलट क्रमाने गेलात तर सोव्हिन्याँचा जोरदार वास शाब्लीनंतर नाकात बसतो आणि पुन्हा शाब्लीकडे वळल्यावर काहीच कळत नाही.